अर्धा भार

अंधेरीच्या आमच्या व्यायामशाळेत वजनाचा दांडा एकच होता. मधला भाग घामाने काळा पडलेला, टोकं उजळ. त्याला दोन्ही बाजूंनी अडकवायच्या लोखंडी प्लेटा व्यायामशाळा चालवणाऱ्या अण्णांनी साकीनाक्याच्या एका ओतकामवाल्याकडून करून घेतल्या होत्या, आणि त्या घासून गुळगुळीत करण्यात आम्हा चार-पाच जणांचे दोन रविवार गेले होते. ही १९५२ सालातली गोष्ट. वर पत्रे, खाली सारवलेली जमीन, आणि एका कोपऱ्यात रेल्वेच्या जुन्या स्लीपरांचा लाकडी ओटा. वजन उचलायचं ते ह्या ओट्यावर. ओट्यासमोरच्या कोनाड्यात मारुती. भिंतीपलीकडे दगडाची खाण. संध्याकाळी पाचला खाणीत सुरुंग उडायचा, पत्रे थरथरायचे आणि मारुतीच्या डोक्यावरचं रुईचं पान हमखास खाली पडायचं. अण्णा ते उचलून पुन्हा डोक्यावर ठेवायचे. मग तालीम सुरू.

मी वजनमापांच्या कचेरीत कारकून होतो. दुकानदारांची मापं काट्यावर चढवायची, बरोबर निघाली तर शिक्का मारायचा. ती सवय अशी अंगात मुरलेली की व्यायामशाळेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळ्या प्लेटा मी कोळशाच्या वखारीत नेऊन तोलून आणल्या. एकूण एक बरोबर होत्या.

"तू मारुतीलाही काट्यावर बसवशील रे शरद," अण्णा म्हणाले.

तसं मी कधी केलं नसतं. माझा दुसरा नाद कीर्तनाचा. राममंदिरात जयवंतबुवांचं कीर्तन असलं की बुक्का लावून घ्यायला मी पहिल्या रांगेत. दिवसा काटा आणि संध्याकाळी झांज, ह्या दोहोंत मला कधी भांडण दिसलं नाही. आजही दिसत नाही.

व्यायामाला लागलो तो वसुधामुळे. आमचं लग्न झालं तेव्हा मी एकशे दहा रतल होतो, म्हणजे आजच्या मापाने जेमतेम पन्नास किलो. तिने माझे सदरे दोन्ही बाजूंनी आत घेतले आणि सुई दाताखाली धरून म्हणाली, "अहो, आणखी आत घेतला तर दोन्ही खिसे एकमेकांना भेटतील." दुसऱ्या दिवसापासून ती माझ्यासाठी हरभरे भिजत घालू लागली आणि मी अण्णांच्या दारात उभा राहिलो.

तिथे लवू भेटला. मालवणकडचा, जोगेश्वरीच्या एका काचकारखान्यात भट्टीवर कामाला. छाती माठासारखी, आवाज मात्र अगदी बारीक. माझी आणि त्याची जोडी का जमली कोण जाणे. दांडा जड झाला की दोघांनी मिळून तो ओट्यावर आणायचा, डावीकडे लवू आणि उजवीकडे मी. उचलण्याआधी तो नाकातून बारीकसा "हं" करायचा. आणि ठेवायचा कसा, तर पाळण्यात मूल ठेवावं तसा. मी एकदा दमून माझं टोक धाडकन सोडलं, तर म्हणाला, "हळू ठेव रे मेल्या. तेका लागतला."

"लोखंडाला?"

"तुझ्या काट्यार तेचो जीव तोललंस काय? नाय ना? मगे?"

अण्णा निवृत्त ड्रिलमास्तर. बोलणं कमी, शिस्त कडक. जड वजन फक्त शनिवारी. दांडा ओलांडायचा नाही. आणि एक रिवाज होता, जो मी दुसऱ्या कुठल्याही तालमीत पाहिला नाही. नवं वजन उचलण्याआधी दांड्यावर डावा हात ठेवायचा आणि म्हणायचं, "अर्धा भार तुझा, मारुतीराया." उचलून खाली ठेवलं की पुन्हा हात ठेवून म्हणायचं, "भार उतरला." पहिलं म्हणायला कोणी चुकत नसे. दुसरं मात्र धापा टाकताना राहून जाई. मग अण्णा ओरडायचे, "हाक मारून बोलावलंत, तर काम झालं हे सांगायला नको? तो बिचारा धरून उभा राहील."

आम्ही हसायचो. मला ते सारं पटत होतं, पण माझ्या पद्धतीने. देवाचं नाव घेतलं की श्वास जागेवर येतो, मन एका ठिकाणी राहतं, माणूस दोन-चार रतल जास्त उचलतो. एवढंच.

भिंतीवर एक काळा फळा होता. एकशेऐंशी रतल खांद्यावरून डोक्यावर नेऊन दाखवेल, त्याचं नाव अण्णा त्यावर पांढऱ्या रंगाने लिहीत. दोनच नावं होती. तिसरं लवूचं होणार हे सगळ्यांनी धरलेलं होतं. चौथं माझं व्हावं, असं मला मनातून वाटे. कोणाला सांगितलं नव्हतं. एकशेतिसावर माझं घोडं दीड वर्ष अडलेलं होतं.

चोपन्न साली गणपतीला लवू गावी गेला तो आलाच नाही. वडील गेले, भाताची शेती एकटी पडली, त्याची बायको मालनवहिनी आणि म्हातारी आई तिथेच. "येतंय रे दिवाळीनंतर" असं एक कार्ड आलं, मग तेही थांबलं. शनिवारी मी ओट्यावर दांड्याची उजवी बाजू धरून उभा राहायचो. डावी बाजू कोणीतरी धरायचं, पण मापात धरायचं नाही.

मार्गशीर्षात जयवंतबुवांनी गोवर्धनाचं आख्यान लावलं. देवाने करंगळीवर डोंगर धरला, गोपांनी खालून काठ्या लावल्या. बुवा हातातल्या चिपळ्या थांबवून म्हणाले, "आणि बरं का मंडळी, काठी लावणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, डोंगर माझ्या काठीवर आहे. अरे, काठी काढून बघ. डोंगर तिथेच. ज्याने धरलाय त्याला ओळख. तो तुझा सवंगडी आहे, तुझ्याबरोबर शिदोरी खातो, म्हणून तुला ओळखू येत नाही." माझे डोळे भरून आले. का, ते मला माहीत होतं. मला लवू आठवला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दांड्यावर एकशेपस्तीस रतल चढवले होते. मी हात ठेवला, आणि तोंडातून निघून गेलं, "अर्धा भार तुझा, लवू."

थट्टा नव्हती ती. माया होती. एवढं मी आजही मारुतीसमोर सांगेन.

दांडा वर गेला. छातीपर्यंत आला, तिथून डोक्यावर गेला, आणि मला कळायच्या आत माझे हात सरळ होते. उजवा हात थरथरत होता, जसा थरथरायला हवा. डावा नाही. डाव्या हाताला नुसता दांड्याचा गारवा लागत होता.

मी दांडा खाली ठेवला. "भार उतरला" म्हटलं नाही. लवूला काय सांगायचं, तो तर दोनशे मैलांवर भात झोडत असेल.

रविवारी डाव्या बाजूच्या प्लेटा मी वखारीत नेल्या. वखारवाला म्हणाला, "साहेब, परत? झिजल्या काय?" झिजल्या नव्हत्या. काटा सरळ उभा राहिला.

पुढच्या शनिवारी एकशेचाळीस. आधी मारुतीचं नाव घेऊन पाहिलं. गुडघ्याच्या वर आलं नाही. मग लवूचं घेतलं. गेलं. त्याच्या पुढच्या शनिवारी कोणाचंच नाव घेतलं नाही, नाही गेलं. लवूचं घेतलं, गेलं. मी माझ्या वहीत तारीख आणि वजन लिहीत होतो, नाव लिहीत नव्हतो. माझी मीच समजूत घातली. मित्राची आठवण आली की माणसाला बळ चढतं, ह्यात अशक्य काय आहे. मात्र "भार उतरला" मी एकदाही म्हटलं नाही, आणि ते राहून जातंय हे माझ्या लक्षातही आलं नाही.

माघापर्यंत एकशेसाठ झाले. अण्णा माझ्याकडे पाहत राहायचे. एकदा म्हणाले, "तुझा डावा खांदा सुरेख चाललाय. कोणाकडून शिकलास?"

"लवूकडून," मी म्हणालो.

त्याच सुमाराला लवूचं कार्ड आलं. "शरदा मेल्या, तू थंय दंड फुगयतंस आणि हंय माझे खांदे दुखतत. डावो तर शनवारी वर जाणाच नाय. म्हातारो झालंय वाटता." मी ते वसुधाला वाचून दाखवलं. ती हसली. मीही हसलो, पण कार्ड वहीत ठेवताना माझा हात जरा वेळ तिथेच राहिला.

हनुमान जयंतीनंतरच्या शनिवारी आमच्याकडे सामने असत. कांदिवली, मुलुंड, घाटकोपरहून तालमी यायच्या. पंचावन्न साली अण्णांनी सामन्यांच्या पाटीवर एकशेऐंशीसाठी माझं एकट्याचं नाव लिहिलं. वसुधाने नवा सदरा शिवला. सैल.

त्या दिवशी कचेरी अर्धा दिवस होती. घरी आलो तर वसुधा दारातच उभी. हातात कार्ड. तिने मला बसू दिलं नाही.

कार्ड मालनवहिनीचं होतं, गावच्या मास्तरांच्या अक्षरात. "शरदभावजींस मालनचा नमस्कार. ह्यांचं अंग डावीकडे वाकलं आहे ते सरळ होत नाही. डॉक्टर म्हणतात हाड चांगलं आहे, काही नाही. दर शनिवारी संध्याकाळी ओझं वाढतं असं म्हणतात, आणि पहिलं उतरत नाही, त्यावर नवं बसतं. खांद्यावर आडवा काळा वळ उठला आहे, मनगटाएवढा जाड. आज चार दिवस बसल्या जागचे उठलेले नाहीत. तुम्हांला कळवू नको म्हणत होते. तुमची आठवण काढतात."

"अहो, हे काय असेल?" वसुधा म्हणाली.

मी वही काढली. शनिवार बघायची गरज नव्हती. सगळे शनिवारच होते.

"तुम्ही आज उचलणार आहात?"

मी सदरा घातला आणि निघालो.

व्यायामशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. पत्रे तापले होते. तेल, घाम आणि खाणीची धूळ ह्यांचा वास कोंदला होता. पाचचा सुरुंग झाला, पान पडलं, अण्णांनी उचलून ठेवलं. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा साडेपाच झाले असतील. मुलुंडच्या तालमीतला कोणीतरी मागून म्हणाला, "हा? ह्याला तर दांड्याबरोबरच प्लेटेत अडकवतील." लोक हसले.

ओट्यावर दांडा तयार होता. एकशेऐंशी.

नाव न घेता उचलून बघावं, असं एक मन म्हणत होतं. फळा समोर दिसत होता. दोन नावांखालची जागा अण्णांनी पुसून स्वच्छ केली होती.

मी खाली बसलो आणि डावा हात पुढे केला.

खिडकीतून येणारं ऊन ओट्यावर तिरपं पडलं होतं. उजव्या प्लेटा लाकडावर टेकल्या होत्या, त्यांच्याखाली सावलीची काळी रेघ होती.

डाव्या प्लेटांखाली उजेड होता.

मी मान आणखी खाली घातली. पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. त्या फटीतून पलीकडची भिंत दिसत होती. दांड्याला अजून कोणीही हात लावलेला नव्हता.

लोक ओरडत होते, "उचल, उचल." मला मात्र डाव्या कानाशी, अगदी जवळ, नाकातून श्वास रोखून धरल्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं.

मी दांड्यावर हात ठेवला.

"भार उतरला, लवू," मी म्हणालो.

काही झालं नाही.

पुन्हा म्हणालो. मग मला आठवत गेलं. एकशेपस्तीस. भार उतरला. एकशेचाळीस. भार उतरला. जेवढे शनिवार, तेवढ्या वेळा. लोकांचा आवाज हळूहळू बंद झाला. कोणीतरी म्हणालं, "ह्याला काय झालं?" मी थांबलो नाही.

शेवटचं म्हटलं आणि डावं टोक खाली टेकलं. हळू. पाळण्यात मूल ठेवावं तसं. लाकडावर लोखंडाचा एवढासा आवाज झाला.

मी उठलो, मारुतीला नमस्कार केला आणि ओट्यावरून उतरलो. मागे हशा पिकला. मुलुंडवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. अण्णा दारापर्यंत माझ्याबरोबर आले.

"टोक टेकलं ते तुम्ही ऐकलंत?" मी विचारलं.

"सुरुंग असेल."

"सुरुंग पाचला झाला, अण्णा."

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि लगेच काढून घेतला. फळ्यावर माझं नाव लागलं नाही. अण्णांनी ती जागा तशीच मोकळी ठेवली आणि पुन्हा कोणाचंही नाव तिथे लिहिलं नाही.

आठ दिवसांनी कार्ड आलं, लवूच्या स्वतःच्या अक्षरात. शनिवारी साडेपाचच्या पुढे त्याचं एकेक ओझं उतरत गेलं, दिवेलागणीला तो उठून विहिरीवर गेला, आणि मालनने त्याला पोटभर शिव्या दिल्या.

छप्पन साली लवू महिनाभर मुंबईला आला. जोगेश्वरीला चुलत्याकडे उतरला, शनिवारी व्यायामशाळेत. मी त्याला सगळं सांगितलं. पाया पडायला वाकलो, तर त्याने मला बखोटीला धरून उभा केला.

"मी थंय घाम गाळूक आणि नाव तुझा लागूक?" तो म्हणाला. मग दांड्यावरची धूळ तळहाताने पुसत म्हणाला, "शरदा, माका कळला होता रे."

"काय?"

"कोण उचलता ता. तुझो एक हात नेहमी आधी थकता, उजवो. तसोच भार येय. म्हटला, शरदाच. म्हणान सोडलंय नाय."

मग तो दांड्यापाशी बसला आणि म्हणाला, "आता माझी पाळी. अर्धो भार तुझो, शरदा." त्याने दांडा उचलला. किती रतल होते आठवत नाही. मी चार हात लांब बाकावर बसलो होतो. माझ्या डाव्या खांद्यावर कोणीतरी हात ठेवावा तसं काहीतरी आलं, वाढलं, आणि मी बाक घट्ट धरला. लवूने दांडा ठेवला, त्यावर हात ठेवला, माझ्याकडे बघून म्हणाला, "भार उतरलो." खांदा हलका झाला. आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो.

तो परत गेला, पण खेळ राहिला. त्याच्या अंगणात फुटक्या जात्याची एक दगडी पाळ होती, ती तो शनिवारी पाचला उचलायचा. मी कुठेही असलो, वसुधाबरोबर बाजारात, राममंदिराच्या पायरीवर, तरी डाव्या खांद्यावर भार यायचा आणि दोन-तीन मिनिटांनी अलगद उतरायचा. मला कळायचं, लवू मजेत आहे. कार्ड लिहायची गरजच पडेना. वसुधाला मी सांगितलं होतं. तिने काट्याबिट्याचं काही विचारलं नाही. शनिवारचा चहा तेवढा ती पाच मिनिटं उशिरा आणू लागली.

अठ्ठावन्नच्या मार्गशीर्षात, एका मंगळवारी, तार आली. लवू गेला. ताप आला, तीन दिवसांत गेला.

त्या शनिवारी मी राममंदिरात बसून होतो. पाच वाजले. लांबून खाणीतला सुरुंग ऐकू आला.

भार आला. तीन मिनिटांनी अलगद उतरला.

पुढच्या आश्विनात मी त्याच्या गावी गेलो. पाऊस नुकताच संपला होता. अंगण, कुंपणाचे दगड, तुळशीवृंदावन, सगळ्यावर हिरवं शेवाळ चढलेलं. माडाखाली जात्याची पाळ पडली होती. तिच्यावर शेवाळाचा ठिपका नव्हता. तिच्याभोवती माती दाबून गुळगुळीत झाली होती.

"कोण उचलतं का ही, वहिनी?" मी विचारलं.

"कोण उचलतला, भावजी," मालनवहिनी म्हणाल्या, आणि मला पाणी आणायला आत गेल्या.

ह्याला आता तीस वर्षं होत आली. अण्णा नाहीत, जयवंतबुवा नाहीत. खाण बुजली, व्यायामशाळेच्या जागी चार मजली इमारत आहे. फळा मी मागून आणला, तो माझ्या खोलीत आहे. शनिवारी पाचला मी त्याच्यासमोर खुर्चीत ताठ बसतो. डावा खांदा जरा सैल सोडतो, म्हणजे त्याला सोपं जातं. एकही शनिवार चुकलेला नाही. देवाने मला एवढं दिलं, असं मी सगळ्यांना सांगतो. काय दिलं, ते सांगत नाही.

गेल्या शनिवारीही भार आला. वसुधाने पाच मिनिटं वाट पाहिली, मग चहा आणला. मी कप हातात घेतला नाही. तिने तो दोनदा गरम केला.

आज गुरुवार आहे. लिहिताना मला कागद डावीकडे तिरपा धरावा लागतो आहे. काल आंघोळीच्या वेळी वसुधाने खांदा पाहिला आणि त्याला तेल लावलं. मी फळ्यावर हात ठेवून "भार उतरला" असं पुष्कळदा म्हणून पाहिलं. पण ते ज्याने उचललं, त्याने म्हणायचं असतं.